उजेड म्हटलं की मी विझायचो

मी मिक्सर बोलतोय. चटणीचा नाही, आवाजाचा.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी झालेली बदनामी, माझा झालेला उद्धार आणि एक शाल, असं सगळं या एका शब्दाच्या गोंधळातून आलंय. शाल मला मिळाली नाही. पण ते पुढे येईलच.

तुम्ही मला पाहिलेलं असणार. स्टेजच्या एका बाजूला टेबल असतं, त्यावर बटणांची पेरणी केल्यासारखं काहीतरी पसरलेलं असतं, आणि त्यामागे एक माणूस कायम 'एकदम ओके' असा अंगठा दाखवत उभा असतो. ती पेरणी म्हणजे मी. अंगठा किसनतात्यांचा.

माझा जन्म परदेशातला. तिथलं मला काहीही आठवत नाही, कारण तेव्हा मला कुणी करंट दिला नव्हता. डोळे उघडले ते पुण्यात, एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. गार हवा, जाड गालिचा, चपला बाहेर. लोक माझ्या आजूबाजूला हळू आवाजात बोलायचे. मला वाटलं, जग हे असंच असतं. मग स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि मी टेम्पोतून हिंजवडीजवळच्या नेरे गावात आलो. शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. त्या माझ्या आधी विकल्या गेल्या.

किसनतात्या ओव्हाळांची नेऱ्यात साऊंड सर्व्हिस आहे. त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं, नारळ वगैरे काही फोडला नाही, 'जय भीम' म्हणाले आणि प्लग लावला. त्या दिवसापासून मी कामाला आहे. साखरपुडे, हळदी, क्रिकेटच्या मॅची, मारुंजीतल्या सोसायट्यांचे संगीत खुर्चीचे कार्यक्रम. सगळं केलं.

आणि माणसं बघितली. माणूस माईकसमोर आला की आधी त्याच्या डोक्यात टपली मारतो. मग फुंकर घालतो. मग विचारतो, 'मागं आवाज येतोय का?' ज्यांना आवाज येत नाही त्यांना हा प्रश्नही ऐकू येत नाही, त्यामुळे उत्तर कायम 'येतोय' असंच मिळतं. 'दोनच शब्द बोलतो' म्हणणाऱ्याच्या दोन शब्दांत भाताचं भांडं करपतं. आणि चहाचा कप ठेवायला अख्ख्या मांडवात माझ्याइतकी सपाट जागा कुणाला सापडत नाही. माझा चौदावा चॅनेल अजून गोड आहे.

असं सगळं बरं चाललेलं असताना मला ते दुखणं लागलं.

पावसाच्या महिन्यांत आमच्या बुद्धविहारात वर्षावास असतो. दर रविवारी सकाळी वंदना, मग भन्तेजींचं प्रवचन, मग एक गाणं, आणि लगेच भोजनदान. लगेच म्हणजे लगेच. भन्तेजींचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हावं लागतं, त्यांचा नियमच आहे. त्यामुळे गाणं संपलं की पानं पडलीच पाहिजेत. मध्ये आभार नाहीत, सूचना नाहीत, कुणाची हरवलेली चप्पल नाही. हा बाराचा काटा लक्षात ठेवा.

यंदा गाणं होतं तृप्तीचं. तृप्ती तात्यांची पुतणी, पिरंगुटला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बोलते कमी, पण गायला लागली की आवाज मोजणाऱ्या माझ्या सगळ्या काट्यांना नाचायचं निमित्त मिळतं. गाणं तिनंच लिहिलेलं, चालही तिचीच. धृपद असं: 'उजेड मागू नको गं बाई, उजेड हो.' शेवटच्या वेळी हा दुसरा 'उजेड' ती पार वर नेते आणि तिथं धरून ठेवते. तो सूर माझ्यातून पहिल्यांदा जाणार म्हणून मी नुसता टवटवीत झालो होतो.

तिनं 'उजेड' वर नेला आणि मी विझलो.

फ्यूज नाही उडाला, धूर नाही, वास नाही. नुसता गेलो. मांडवभर 'अरेरे' झालं. आणि थोड्या वेळानं आपोआप परत आलो, सगळे दिवे लावून, जसं काही झालंच नाही.

पुढच्या रविवारी तेच. 'उजेड', आणि मी गायब. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. प्रवचन नीट, वंदना नीट, लहान पोरांचं बडबडगीत नीट. तृप्तीनं उजेड म्हटला की अंधार.

तात्यांनी उपचार सुरू केले. पहिला उपचार म्हणजे माझ्या थोबाडीत एक. हा आमच्या धंद्यात सगळ्यात जुना आहे आणि कधीकधी लागूही पडतो. मग प्लग बदलला, वायर बदलली, फ्यूज बदलला, तृप्तीचा माईक बदलला. मधल्या वारी विहार रिकामा असताना तिला माझ्यासमोर उभं केलं आणि तोच एक सूर पुन्हा पुन्हा लावायला लावला. मी ठणठणीत. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो ना, तसं. इतक्या वेळा उजेड झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायला लागली. मी मात्र विझलो नाही.

मग गावात बोलणं सुरू झालं. पोरीचा सूरच तसला हाय. मशीन सोसत न्हाई. कुणीतरी 'पनवती' असंही म्हणालं, हळू आवाजात, पण माझ्या चालू असलेल्या माईकपाशी.

विहार समितीचे अध्यक्ष जनार्दनआबा. आबांचं अंधश्रद्धेवरचं भाषण मला पाठ आहे. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच्या मागून चालत जातात. त्यांनी तृप्तीला आणि तात्यांना बोलावून घेतलं.

"आपण अंधश्रद्धा मानत न्हाई," आबा म्हणाले. "पण वर्षावासाच्या समारोपाला तृप्तीनं गाऊ नये."

"मानत न्हाई, तर का गाऊ नये?" तृप्तीनं विचारलं.

"मी मानत न्हाई. मशीन मानतंय."

यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं. 

आबा वाईट नाहीत. त्यांनी मधला मार्ग काढला, तो सूर जरा खाली घे म्हणाले, उजेड खालून पण येतो की. तृप्ती म्हणाली, "आबा, उजेड खाली घेतला की त्याचा कंदील होतोय." ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली, आणि मग माझ्या कोपऱ्यावरची धूळ बोटानं पुसत बसली.

शेवटी ठरलं असं. समारोपाच्या आधी एक रविवार शिल्लक आहे. त्या दिवशी मी टिकलो तर समारोपाला तृप्ती गाणार. नाही टिकलो तर तिच्या जागी नम्रता गाणार, साऊंड मारुंजीच्या डीजेवाल्याचा येणार, आणि मी भंगारात. नम्रताचा गळा चांगला आहे, पण गाणं तृप्तीचं होतं. आणि समारोपाला पंचक्रोशी जमते. तिथं ती गायली नसती तर 'पनवती' हा शब्द तिच्या नावाला डिंकासारखा चिकटला असता.

मग तात्यांनी पिरंगुटच्या नसीरभाईंना फोन लावला. नसीरभाईंच्या दुकानावर पाटी आहे: फॅन, मिक्सर, इस्त्री, ॲम्प्लिफायर. माणूस हुन्नरी. पण तात्यांची एक खोड आहे. स्वतःचं बोलून झालं की त्यांच्या लेखी फोन संपतो.

"नसीरभाई, मिक्सर अधनंमधनं बंद पडतोय," तात्या म्हणाले. "विहारात ठिवलाय. जाऊन बगा." कट.

नसीरभाई दुसऱ्याच दिवशी आले. तात्या परगावी गेले होते. विहारात इंदूकाकू झाडत होत्या. इंदूकाकू म्हणजे तात्यांची बायको, विहाराच्या स्वयंपाकघराच्या मालकीण.

"वहिनी, मिक्सर कुटं हाय?" नसीरभाईंनी विचारलं.

काकूंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांचा चटणीचा मिक्सर गुरगुरतोय असं त्या केव्हापासून नवऱ्याला सांगत होत्या, आणि बाईमाणसाचं कुणी ऐकतंय यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्या नसीरभाईंना थेट मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी तिथून चार हातांवर, चादरीखाली. सगळं ऐकत होतो. ओरडावं म्हटलं, पण मला तोंड नाही, स्पीकर आहे, आणि तो तात्यांच्या घरी होता.

नसीरभाईंनी मिक्सर फिरवून बघितला, मोटर थकलीये म्हणाले, आणि पिशवीत घालून पिरंगुटला घेऊन गेले.

शनिवारी तात्यांचा फोन. "झालं का काम?"

"झालं की. एकदम कडक केलाय. फक्त तेवढा घेऊन..." कट.

रविवारी तात्यांनी चादर काढली. मी जागच्या जागी. "बग," ते तृप्तीला म्हणाले, "कुणाला कळू न देता आणून पण ठिवला. माणूस असावा तर असा." मला उचलून टेबलावर ठेवताना त्यांना मी हलका लागलो. आतला गाळ काढला असंल, म्हणाले.

स्वयंपाकघरात इंदूकाकू पाट्यावर चटणी वाटत होत्या आणि प्रत्येक रगड्याला नसीरभाईंची आठवण काढत होत्या.

प्रवचन झालं. तृप्ती उभी राहिली. तात्यांचा अंगठा वर. तृप्ती गात गात त्या जागेपाशी आली, तिनं डोळे मिटले आणि उजेड वर नेला.

मी चालू!

तो सूर माझ्यातून गेला हो. पहिल्यांदा, अख्खाच्या अख्खा. काटे लाल रेघेला जाऊन टेकले, थरथरले, आणि मी जागचा हललो नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत मोठेमोठे गळे माझ्यातून गेलेत, पण तिथं कुणी विझण्याची वाट बघत नव्हतं. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी जनार्दनआबांची. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की समारोपाला तृप्तीच गाणार, आणि आपला मिक्सर दुरुस्त करणारे नसीरभाई यांचा शाल देऊन सत्कार होणार.

सगळे खूष. एक तृप्ती सोडून. कार्यक्रम उरकल्यावर ती माझ्या पाठीमागे वाकून बघत होती. तिथं प्रत्येक स्क्रूवर धूळ होती. एका स्क्रूवर कोळ्यानं घर केलं होतं आणि कोळी घरी होता.

"तात्या, ह्याचा एक स्क्रू बी खोललेला न्हाई," ती म्हणाली.

"हुशार माणूस न खोलता करतोय," तात्या म्हणाले.

 जाताना तृप्ती माझ्यावर हात ठेवून पुटपुटली, "जे न सांगता जातंय, ते न सांगता येतंय." मेंटेनन्सवाली माणसं अशीच असतात. बिघाड सापडला नाही तरी वाईट वाटतं, आणि नुसताच गेला तर त्याहून जास्त.

समारोपाचा दिवस उजाडला. मांडव फुल्ल. मारुंजीहून माणसं, पिरंगुटहून माणसं, हिंजवडीहून सुट्टी काढून आलेली माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. नसीरभाई नवा सदरा घालून आले, सोबत त्यांची बायको आसमाभाभी, आणि हातात पिशवी. पिशवी त्यांनी मागच्या दारानं इंदूकाकूंना दिली. नवी मोटर टाकलीये, आधीपेक्षा दणकट, असं सांगितलं आणि सत्काराला पुढे येऊन बसले.

शाल दिली. आबांनी 'आपल्या विज्ञाननिष्ठ परंपरेला' वगैरे म्हणून त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. नसीरभाईंना इतक्याशा कामाचा एवढा मान कशासाठी, ते कळत नव्हतं. पण गाव नेरे आहे, इथली माणसं प्रेमळ, असं समजून ते माईकपाशी आले. टपली मारली. फुंकर घातली.

"मिक्सर आता बघायला नको," ते म्हणाले. "फक्त झाकणावर हात ठेवा. आणि खोबरं घातलं तर थोडं पाणी घाला, नुसतं फिरवू नका."

 तात्यांचा अंगठा वर होता तो तसाच राहिला. आबांनी पाहुण्याचा अपमान नको म्हणून टाळ्या वाजवल्या.

स्टेजच्या कडेला गायला उभी असलेली तृप्ती मात्र एकदम ताठ झाली. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मागच्या पत्र्याकडे बघितलं. मग नसीरभाईंच्या शेजारी जाऊन माईकवरच विचारलं, "मामा, कुठला मिक्सर केलात?"

"विहाराचा. वहिनींचा. चटणीचा."

हशा असा उसळला की माझे काटे पुन्हा लाल रेघेला. पण तृप्ती हसत नव्हती. ती हिशोब करत होती: मला तर कुणी दुरुस्त केलंच नाही, तरी मागच्या रविवारी मी चाललो. मग मागच्या रविवारी इथं काय नव्हतं? तिनं इंदूकाकूंना बोलावून घेतलं. काकू ओले हात पदराला पुसत आल्या.

"काकू, तू चटणी कवा वाटती?"

"तू वर गेली की," काकू म्हणाल्या. "तुजा उजेड ऐकला की मी बटन दाबते. म्हंजी गाणं संपतंय तवर चटणी ताजी, भन्तेजींचं ताट बाराच्या आत. पन दर बारी तुजं गाणं गपकन थांबतंय. मग मी बटन बंद करून बगाया येते, पोरीला काय झालं."

अख्ख्या मांडवाच्या डोक्यात ट्यूब पेटली. आधी फडफडली, मग लागली.

"काकू, तू आत जा," तृप्ती म्हणाली. "मी उजेड म्हणते, तू दाब." काकू पदर खोचून आत गेल्या.

तिनं म्हटलं. गाऊन नाही, नुसतंच. "उजेड."

मागून घर्रर्र. मी गार. स्पीकर मेले, आणि या वेळी कुणी 'अरेरे' केलं नाही म्हणून ती घरघर पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आली. काकूंनी बंद केला. मी आलो. पुन्हा 'उजेड', पुन्हा घर्रर्र, पुन्हा मी गार. मी प्रत्येक वेळी मेलो की लोक टाळ्या वाजवत होते. इतक्या प्रेमानं मला कुणी मारलं नव्हतं.

आबा खुर्चीतून उठले. "मी म्हणून बगू का?"

त्यांनी घसा खाकरला, माईकच्या डोक्यात टपली मारली आणि त्यांच्या त्या तंबाखूच्या आवाजात म्हणाले, "उजेड."

घर्रर्र. मी गार.

"आबा पनवती!" मागून तात्यांच्या वायरी ओढणारा पोरगा रोहित ओरडला.

मांडव लोळायचा बाकी राहिला. आबांनी हसणं थांबायची वाट बघितली, आणि मी परत चालू झाल्यावर तृप्तीकडे वळून म्हणाले, "पोरी, मी बोललो ते चुकलं. मशीन काय मानत न्हाई. मानत हुतो ते आमीच."

भन्तेजीही हसत होते. हसता हसता त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

आणि एकदम सगळ्यांना बारा आठवले. गाणं व्हायचंय, चटणी व्हायचीय, आणि दोन्ही एका वायरवर होत नाहीत. कुणी म्हणालं गाणं राहू दे, कुणी म्हणालं चटणी राहू दे. चटणी राहू दे म्हणणाऱ्याकडे काकूंनी बघितलं, तो खाली बसला. तृप्तीनं तेवढ्यात विचार केला होता. शेजारी म्हशीवाल्या नथूचं घर, त्याची लाईन वेगळ्या खांबावरून येते. तिनं रोहितला पिटाळलं. वायरचं भेंडोळं गोठ्यावरून, तारेवरच्या वाळत घातलेल्या लुगड्यांखालून आणि म्हशीच्या डोक्यावरून स्वयंपाकघरात आलं. काकूंचा मिक्सर नथूच्या लाईनवर लागला.

तृप्ती गायला लागली. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. अख्खा मांडव माझ्या त्या एका लाल दिव्याकडे बघत होता. तात्या बघत होते, आबा बघत होते, नसीरभाई अंगावर शाल घट्ट धरून बघत होते. 

'उजेड मागू नको गं बाई...'

ती वर गेली.

घर्रर्र.

दिवा हलला नाही! वर तिचा सूर, मागं चटणी, दोन्ही एकदम, आणि मी मधे, चोवीसच्या चोवीस चॅनेल ताठ करून उभा. गोड चौदावासुद्धा. तृप्तीनं तो सूर नेहमीपेक्षा लांब धरला. मला वाटतं, राहिलेले रविवार भरून काढले. मग ती 'हो'वर उतरली, तेव्हा लोकांनी दिव्यावरची नजर काढली आणि तिच्याकडे बघितलं.

चटणी बाराच्या आत झाली. जरा भरड राहिली, पण कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तृप्तीनं आणि नसीरभाईंनी मला खरंच खोललं. कोळ्याला आधी बाहेर सोडलं. तेव्हा कळलं, दोष एकट्या चटणीचा नव्हता. स्टेज आणि स्वयंपाकघर एकाच बारीक वायरवर होतं. मिक्सर सुरू होताना हपापल्यासारखी वीज ओढायचा. आणि मी म्हातारा झालो होतो. माझ्या पोटात वीज थोडी धरून ठेवणारे कंडेन्सर असतात, ते फुगून निकामी झालेले. तरुणपणी असा एका क्षणाचा उपास मला जाणवलाही नसता. आता सोसवत नव्हता, आणि एकदा विझलो की मिक्सर फिरत असेपर्यंत उरलेल्या विजेवर उठताही येत नव्हतं. नसीरभाईंनी ते सगळे बदलले, आणि म्हणाले, "शाल आधी घेतली, काम आता करतोय." स्वयंपाकघराला वेगळी वायरही ओढून झाली.

आता काम नसलं की मी विहारातच असतो, कपाटात. शेजारच्या फळीवर तो. आमच्यात बोलणं नाही, पण वैरही नाही. तात्यांनी दोघांवर चिकटपट्ट्या लावल्यात. त्याच्यावर 'मिक्सर, चटणी'. माझ्यावर 'मिक्सर, गाणी'. एकदा घाईत उलट्या लागल्या होत्या, तेव्हा काकू माझं झाकण शोधत होत्या.

माझं म्हणणं थोडंच आहे. चहा दुसरीकडे ठेवा. फोनवर मिक्सर म्हणालात तर कुठला ते सांगा, आणि समोरच्याचं ऐकून मग ठेवा. आणि कुणी गात असताना अंधार झाला, तर गाणाऱ्या पोरीकडे बघू नका. आधी मागे जाऊन बघा, कोण काय वाटतंय.

बरं, थांबतो. तृप्ती माईकपाशी आलीये. काकूंचा हात बटणावर गेलाय.